पियानोचे कांदेपोहे

समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब परदेशी गेलं आणि जाताना त्यांचा इलेक्ट्रिक पियानो आमच्या हॉलमध्ये ठेवून गेलं, ‘वापरा’ म्हणून. आमच्या ह्यांनी तो लगेच वापरायला काढला, म्हणजे त्यावर रद्दी ठेवली. मी मात्र येता-जाता एखादी पट्टी दाबून बघायचे. एक दिवस ठरवलं, शिकायचंच. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण पियानो बसूनच वाजवतात.

नेरूळमध्ये मिळत नाही अशी शिकवणी नाही, असा माझा समज होता. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर जो तो ‘नातीसाठी का?’ म्हणू लागला. शिक्षकांना फोन केले, तिथेही पहिला प्रश्न मुलाच्या वयाचा. माझं वय सांगितलं की लगेच बॅच फुल्ल. एका बाईंनी तर अत्यंत गोड आवाजात मला भजनी मंडळाचा पत्ता दिला. मला भजनाचं वावडं नाही, पण राग आला तो आलाच.

शेवटी भाजीवालीकडून कळलं की जवळच्या शिरवणे गावातला एक तरुण घरी येऊन पियानो शिकवतो, शिवाय हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. ह्या वेळी फोनवर मी वय सांगितलंच नाही. तो म्हणाला, आधी येऊन बघतो, मग सांगतो.

‘येऊन बघतो’ म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही अंगात जुनी सवय संचारली. मी ठेवणीतली साडी काढली. ह्यांनी रद्दी हलवली आणि मला पोहे टाकायला सांगितले. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात आणि हे सोफ्यावर, मुलीच्या बापासारखे ताठ. मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळी चौकशी झाली. तो बिचारा उत्तरं देत इकडेतिकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “काका, मुलीला बोलवा ना.”

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले.

“मुलगी आली,” हे म्हणाले.

त्याने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, ह्याबद्दल मी त्याला तिथेच शंभरपैकी शंभर दिले. मग माझे हात बघायला मागितले, करंगळी ताणून पाहिली. मोठी माणसं हौसेने सुरू करतात आणि मध्येच सोडतात, म्हणून शक्यतो घेत नाही, असं सरळ सांगून टाकलं. पोहे मात्र संपवले. चपला घालताना म्हणाला, “काकी, कळवतो.”

मराठी घरात ह्या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागतो? ह्यांच्याआधी मला बघून गेलेल्या सगळ्या स्थळांनी निघताना हेच म्हटलं होतं, आणि एकानेही कळवलं नव्हतं. बशा विसळता विसळता मी चक्क रडले. मला शिकायचं होतं हो. खरं सांगायचं तर तेव्हा नवरा जितका हवा होता, त्याहून हे जास्त हवं होतं. हे दारात येऊन म्हणाले, पोह्यांत मीठ जरा कमीच पडलं. त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. रद्दी मात्र ह्यांनी परत पियानोवर ठेवली नाही.

आणि एका सकाळी फोन आला. “काकी, हळदीचा सीझन होता, म्हनून फोन नाय केला. मंगळवारी चारला येऊ? नखं कापून ठेवा. आनि रोज बसायला लागेल, सांगून ठेवतो.”

मंगळवारी मी साध्या ड्रेसमध्ये स्टुलावर बसले. पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि पहिल्या सुराआधी माझ्या बांगड्याच वाजल्या. सर म्हणाले, “त्या काढाव्या लागतील.”

लग्नापासून माझे हात कधी मोकळे नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, जवळ आले आणि हात पुढे केला. मी एकेक बांगडी उतरवून त्यांच्या तळव्यावर ठेवली. तास संपेपर्यंत हे पेपर न उघडता सोफ्यावर बसून होते, बांगड्या मुठीत धरून.