भिंतीशी बोलणारे दादा

बातमी आली तेव्हा मी खळं सारवत होते. अर्धं झालं होतं. रस्त्यावरून शेजारचा माणूस धावत आला. म्हणाला, दादा गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, बाकावर बसले आणि तिथंच कलंडले. शेणाचा हात तसाच धरून मी उभी राहिले... त्याला आता दीड महिना झाला.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. आमच्या घरात धाकट्या सुनेनं मोठ्या दिराशी बोलायचं नाही, ते समोर आले तर बाजूला व्हायचं. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. काही सांगायचं असेल तर जाऊबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगायच्या. दादा नऊ वर्षं ठाण्याला गॅरेजात होते, सणापुरते यायचे. मग एकदा कायमचे आले आणि जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी पत्र्याचं दुकान टाकलं. त्या वर्षी जाऊबाई नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं लावताना गाणं म्हणत होत्या. त्याआधी मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी खोडाळ्याचा एक गाडीवाला आला. शिरपामाळ बघायला येणाऱ्या लोकांना तो मोठ्या गाडीतून फिरवायचा. त्या गाडीचे दिवे आपोआप वर-खाली होणारे होते. मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं, मग समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून गाडीच दिवे खाली घेते. ते काम बंद पडलं होतं आणि घाटात समोरचे लोक त्याला शिव्या देत होते. दादांनी खाली शिरून मागच्या चाकाजवळची बोटभर दांडी काढून दाखवली. ती खड्ड्यांनी मोडली होती, त्यामुळे मागे वजन किती आहे ते गाडीला कळतच नव्हतं. त्यांनी ठाण्याहून नवी दांडी आणवून बसवली. राहिले दिवे जुळवायचे. त्याला सपाट जागा आणि समोर भिंत लागते. आमच्याकडे डोंगरात सपाट जागा कुठली, म्हणून दादांनी गाडी आमच्या खळ्यात आणली. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी मागून आणली, दिव्याच्या उंचीला घराच्या भिंतीवर गेरूची रेघ मारली आणि तिन्हीसांजेला उजेड त्या रेघेशी जुळवला. सगळा पाडा बघायला जमला होता.

दोन दिवसांनी गाडीवाला परत आला. "मिस्त्री, आधी दिवे आभाळात बघत होते, आता नव्या नवरीसारखे खालीच बघतात. पुढचं वळण दिसत नाय." दादांनी सगळं पुन्हा तपासलं, पुन्हा रेघेशी जुळवलं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा चारचौघांत म्हणाला, "दादा, तुम्ही पंक्चरच काढत जा." लोक हसले. त्या दिवशी जेवताना दादा जाऊबाईंना म्हणाले, "इथं आपलं जमायचं नाय. ठाण्यालाच जातो परत." भाकरी थापता थापता जाऊबाईंचा हात थांबला.

खरं म्हणजे चूक कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खळं दरवर्षी मीच करते. ते बघताना सपाट वाटतं, पण सपाट नसतं. झोडणीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला तर पाणी भातात राहू नये म्हणून मी घराकडून बाहेर हलका उतार काढते. दादा इतकी वर्षं बाहेर होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं. गाडी भिंतीकडे नाक वर करून उभी राहत होती आणि ते दिवे खाली घेत होते. मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या हाताला मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी गाडी खळ्यातच होती. जाऊबाई पाण्याला गेल्या होत्या, निरोप द्यायला कोणी नव्हतं. मी तांब्या भरून आणला आणि भिंतीच्या पायथ्याशी ओतला. पाणी गाडीखालून मागच्या चाकांकडे निघून गेलं. दादा बघत राहिले. मी पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "उतार मीच काढलाय. पावसासाठी." घरात आल्यापासून अकरा वर्षांत त्यांच्या कानावर गेलेलं माझं ते पहिलं बोलणं.

दादांनीही रिवाज मोडला नाही. तेही भिंतीकडेच बघून म्हणाले, "मग सपाट कोण करून देईल, भिंतबाय?"

"मी," भिंतीला म्हटलं.

चार चाकांच्या चार जागा मी मुरूम घालून उचलल्या, बडवल्या, सारवल्या. परातीत पाणी भरून एकेका जागेवर ठेवून बघितलं, नळी धरून चारही एका पातळीत आणल्या. गाडी त्यावर चढवून दादांनी दिवे जुळवले. गाडीवाला दोन दिवसांनी आला तो खोडाळ्याच्या बाजारातून केळी घेऊन. "आता वळण दिसतं," म्हणाला. मग दादांकडे बघून, "पंक्चर आता दुसऱ्या कोणाला काढू दे." ठाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढची सहा वर्षं अशीच गेली. दिवे जुळवायला गाडी यायची असली की दादा आदल्या दिवशी अंगणात येऊन भिंतीला विचारायचे, "जागा बेस हाय का?" मी जागा बघून भिंतीला सांगायचे, "जागा झाली." मग ते म्हणायचे, "बेस." जाऊबाई हसून हसून बेजार व्हायच्या. "दोघं मिळून माझ्या भिंतीला वेड लावाल." दादांचा चेहरा मी नीट पाहिला तो शेवटच्या दिवशीच... पण त्यांचा आवाज मला पाठ आहे, भिंतीवरून यायचा तसा.

यंदा आमचं भात झोडायला उशीर झाला. काल उरलेलं अर्धं खळं सारवलं. चार जागा उचललेल्याच ठेवल्या. भिंतही सारवली, पण रेघेवर हात फिरवला नाही. सगळं झाल्यावर कंबर सरळ केली आणि सवयीनं भिंतीकडे बघून तोंडातून निघालं, "जागा झाली."

जाऊबाई ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनीही भिंतीकडेच बघितलं आणि म्हणाल्या, "बेस."