नीळ घातलेले रुमाल

आधी चाचांचं सांगते. माझी चूक नंतर सांगितली तरी ती कुठे पळून जात नाही. चाचा नसते, तर ही चार पानं लिहायला मी या शहरात राहिलेच नसते.

शनिवार पेठेतल्या आमच्या दफ्तरखान्यात खिडकीपाशी एक टेबल होतं, त्यावर चाचा बसायचे. घराणं बाइंडरांचं. पुस्तकं बांधून बांधून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. त्यांच्या लहानपणी शाळेत मोडीचा तास असायचा, ती मोडी त्यांना पंचाहत्तरीतही येत होती. कुणी जुनं खरेदीखत घेऊन येई, कुणी सनद. चाचा भिंग लावून वाचून देत आणि वर म्हणत, "वाचलं ते मी. भांडण तुमचं तुम्ही बघा."

मी तिथे झाडलोट करायला होते. माझं गाव तापीकाठचं, इथून एसटीने बारा तास. आठवीत शाळा सुटली, मग लग्न. नवरा हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा, कर्वेनगरात आमची एक खोली. दफ्तरखान्याचं काम मिळालं तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं होतं. शाळा सुटल्यापासून कागदांच्या इतकं जवळ कुणी मला येऊ दिलं नव्हतं. पण रोज सकाळी जिना चढताना वाटायचं, आज आपल्याला नको म्हणतील.

तिथले कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. मांजरपाटाचं मोठं चौकोनी फडकं, त्यात एकेका गावचे कागद ठेवून चार टोकांची गाठ मारायची.

एका गुरुवारी आमच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "सोमवारी पाहुण्या येतायत, स्कॉटलंडहून. ते कोपऱ्यातलं कपाट जरा माणसात आणा."

त्या पाहुण्या तिकडच्या आपल्या खेड्याचा इतिहास लिहीत होत्या. चर्चमधली जन्ममृत्यूची बुकं, शेतांचे नकाशे, शाळेचं दाखल्यांचं रजिस्टर, सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्या खेड्यातला एक माणूस कंपनी सरकारच्या काळात इकडे जमीनमोजणीला आला होता. त्याने मोजलेल्या एका गावचे कागद आमच्याकडे असल्याचं त्यांना कळलं, म्हणून त्या येत होत्या. मला नवल वाटलं. एका खेड्यासाठी माणूस एवढ्या लांब येतं?

घटस्थापना चार दिवसांवर होती. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक कापड नदीवर जातं. गोधड्या, पडदे, पोतीसुद्धा. शुक्रवारी बाई कुठल्याशा बैठकीला गेल्या, चाचा नमाजाला गेले. मी कोपऱ्यातल्या कपाटातले नऊ रुमाल सोडले. कागदांच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधून ते वेगवेगळे ठेवले, तेवढी अक्कल होती. रुमाल मात्र साबणात भिजवून, चोळून, नीळ घालून गच्चीवर वाळत टाकले. ऊन कडक होतं. चाचा परत येऊन, जेवून, डुलकी काढून उठेपर्यंत नऊही गठ्ठे पुन्हा बांधलेले, बगळ्यांसारखे पांढरे. कुणी काय म्हणतंय याची वाट बघत मी दारात उभी.

चाचांनी एक रुमाल उलटसुलट करून पाहिला. "बेटा, नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर?"

"कोपऱ्यात शाईने होते ते."

"ते डाग होते ना, चाचा?"

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. यादीत नंबरापुढे गावाचं नाव असतं. नंबर गेला की कुठला गठ्ठा कुठल्या गावाचा हे आत वाचल्याशिवाय कळायचं नाही, आणि आत सगळी मोडी.

संध्याकाळी बाई आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"छान निघालेत हो," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचे नकाशे उतरवून देऊ? तेही जरा मळलेत." मग खुर्चीत बसल्या. "ती बाई पंधरा दिवस आधी पत्र पाठवून येतेय. सोमवारी तिचा कागद मिळाला नाही, तर मंगळवारी आपण येऊ नका."

त्या 'आपण'ने मला रडू फुटलं. चाचा म्हणाले, "बाई, शनिवार-रविवार मला द्या. हिलाही द्या. गठ्ठे उचलायला मला माणूस लागेल."

दोन दिवस आम्ही त्या टेबलाशी बसलो. चाचा वरचं पान वाचायचे, मी यादीत गाव शोधून चिठ्ठी लिहायचे. माझं अक्षर थरथरत होतं. चाचा म्हणाले, "घाबरून लिहिलंस तर सातचा नऊ होईल. पुन्हा धुवायची वेळ येईल." मी हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा.

रविवारी दुपारपर्यंत सात गठ्ठे लागले. दोन राहिले. दोन्ही जमीनमोजणीचे, दोघांचीही वरची पानं वाळवीने खाल्लेली, गावाचं नाव कुठेच नाही. यादीप्रमाणे एक गाव भीमेच्या काठचं, एक डोंगराखालचं. पाहुण्यांना हवं होतं भीमेकाठचं. खालची पानं एकमेकांना चिकटून वडीसारखी झालेली.

"सोडवू शकतो मी," चाचा म्हणाले. "पण अशी पानं सोडवताना थोडा चुरा होतोच. चुकीच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. आधी ठरवायचं, मग सोडवायचं."

जेवढं दिसत होतं तेवढं ते वाचत गेले. पहिल्या गठ्ठ्यात बरड, माळ, मुरमाड. दुसऱ्यात त्यांनी वाचलं, "नावाड्याचं शेत. डोहाकडचं. त्याखाली मळई, दोन बिघे." मग मान वर केली. "मळई काय असते गं? मी पेठेतला माणूस."

मी उठूनच उभी राहिले. "चाचा, पूर ओसरला की नदी गाळ टाकून जाते, ती मळई. आमच्याकडे त्यात खरबुजं लावतात. डोंगराखाली मळई कुठून येणार? आणि नावाड्याला शेत कोण देईल नदी नसली तर?"

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी बांबूची पातळ कामटी घेतली. एकेक पान सोडवायला पाऊण-पाऊण तास. मी दिवा धरला होता. सहाव्या पानाखाली, मोडीच्या ओळींच्या शेवटी, इंग्रजीत एक सही होती. चाचांनी पाहुण्यांच्या पत्रातलं मोजणीच्या साहेबाचं नाव आणि ती सही दोनदा ताडून पाहिली. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "लिही नंबर. आता हात थरथरला तरी चालेल."

सोमवारी पाहुण्या आल्या. साठीच्या, पायात जाड बूट. सही पाहिली आणि हात न लावता नुसत्या तिच्यावर वाकून बसल्या. मग शेतांची नावं विचारली. चाचा वाचत, मी अर्थ सांगे, बाई इंग्रजीत उलगडून सांगत. पाहुण्यांच्या गावातही शेतांना अशीच नावं आहेत म्हणे, एक तर होडीवाल्याचंच. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बाईंनी त्यांना रुमालांचं सांगितलं नव्हतं.

मी जिन्यापाशी रेंगाळले. "बाई, उद्या?"

"उद्या काय? नवीन चिठ्ठ्या कोण शिवणार रुमालांना?" त्या म्हणाल्या. "साबण मात्र घरी ठेवून या."

त्या दिवसापासून चाचांनी मला रोज एक ओळ मोडी शिकवली. आज मी खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसते. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत आता फारशी नजर राहिलेली नाही, ते घरीच असतात. मागच्या ईदला मी शीरखुर्मा प्यायला गेले, तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक गठ्ठा काढला. त्यांच्या आजोबांची बाइंडिंगची वही, सगळी मोडीत. "जगाचं वाचत बसलो बेटा, हे राहूनच गेलं," म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली.

अक्षर फार घाईचं आहे, मी अजून ओळीओळीला अडते. पण चाचा, एक दिवस तुमच्या खाटेशी बसून ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, न अडखळता, मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तोवर तुम्ही थांबायचं.