सासऱ्यांचा ट्रॅक्टर आणि झाडी कापायचं यंत्र

सिलतऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि माझे हातपाय घरात राहीनात. सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, पाळ्या बदलत. आता सकाळी डबा घेऊन कुठं जायचं नव्हतं, तरी मी कपडे घालून तयार व्हायचो. नळ खोलायचो, पुन्हा बसवायचो. पंखा उतरवून तेल द्यायचो. बायको शेवटी कंटाळली.

"तुमचा पाय घरात टिकून नाही राहिला," ती म्हणाली. "चला, बाबांच्या वावरात जाऊ."

सिलतऱ्याच्या पलीकडे तिच्या वडिलांचं वावर आहे. ते गेल्यापासून पडीक. गेलो तर बांधसुद्धा दिसत नव्हता. बेशरमची झाडी डोक्याच्या वर गेली होती, मधे बाभळीची कोवळी झुडपं, आणि सगळ्या पानांवर कारखान्यांची काळी धूळ. शेजारचे म्हणाले, "दीदी, रानडुकरं इथंच दडून बसतात. काहीतरी करा."

टिनाच्या छपराखाली सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर होता. बायको लग्नाआधी तो चालवायची. मी बॅटरी बदलली, डिझेलची नळी साफ केली आणि तिनं तो पहिल्याच दिवशी सुरू केला. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पापा, जेसीबी बुला लो ना, एक दिन का काम है." जेसीबी वरची माती खरवडून नेईल, असं बायको म्हणाली आणि विषय संपला.

मग यंत्राचा शोध. त्याला दुकानात स्लॅशर म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागं लावायचं लोखंडी छत, त्याच्या पोटात जाड पाती. ट्रॅक्टरच्या मागून निघणाऱ्या शाफ्टवर ती गरगर फिरतात. दुकानदारानं सहा फुटीचा आग्रह धरला. मी ऐकलं नाही. जुन्या इंजिनाची सगळी ताकद मागच्या शाफ्टपर्यंत पोचत नाही, शिवाय वजन जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात. पाच फुटी घेतलं. ते जोडलं, उचललं, खाली ठेवलं, सगळं नीट. मला वाटलं, जुळलं.

बायको चालवायला बसली. मी लांबून चालत होतो. पाती फिरायला लागली आणि बेशरम अशी आडवी होत गेली की मला ओरडावंसं वाटलं. वावराच्या खालच्या अंगाला गावची तरिया आहे, म्हणजे तळं, पाण्यानं भरलेलं. काठाशी पोचल्यावर तिनं थांबायला क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. तिनं ब्रेक दाबले. मागची चाकं घसरली, ट्रॅक्टर पुढंच. मी धावलो, पण धावून काय करणार होतो? तिनं स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे मारलं, ट्रॅक्टर दाट झाडीत घुसला आणि काठाच्या चिखलात एक चाक रुतवून थांबला. तिनं इंजिन बंद केलं. पाती आणखी थोडी फिरली, मग तीही थांबली.

तिचे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते.

"मी क्लच दाबला होता," ती म्हणाली. "अख्खा दाबला होता."

"पाहिला मी. तुझा पाय खालीच होता."

"मग हा चालून काहून राहिला होता?"

घरी आल्यावर मी जेवताना उठलो, पुन्हा बसलो. अंगणात फेऱ्या मारल्या. क्लच इंजिनाला चाकांपासून तोडतो, एवढं खरं. मग ढकलत कोण होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर ओढून काढला, यंत्र सोडवलं आणि थोड्या उतारावर उभा केला. इंजिन बंद, पण गिअर टाकलेला. तिनं क्लच दाबून धरला आणि ब्रेक सोडला. ट्रॅक्टर हळूच घरंगळला आणि मागचा शाफ्ट आपोआप फिरू लागला.

"अगं, हे दोघं एकमेकाला बांधलेले आहेत!" मी ओरडलो. "चाक फिरलं की शाफ्ट फिरतो. मग शाफ्ट फिरला की चाकही फिरणार. ती जड पाती वेगात होती, त्यांनीच तुला ढकललं."

"म्हणजे मी नाही चुकली."

"नाही."

ती तेवढं ऐकून खाली उतरली आणि पाणी प्यायली.

नव्या ट्रॅक्टरांत या शाफ्टचा क्लच वेगळा असतो. जुन्यात एक जोड बसवावा लागतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा: पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, पण ते पायडलला ढकलत नाही. दुकानदारानं तो बाहेरून मागवला. वाट बघताना मी त्याला इतके फोन केले की तो म्हणाला, "भैया, आएगा तो मैं ही बताऊंगा."

जोड आला तर नवीन अडचण. त्याच्या लांबीमुळं यंत्राला शाफ्टशी जोडणारा दांडा मोठा पडला. यंत्र उचललं की दांडा दोन्ही बाजूंनी अडायचा, गिअरबॉक्स फुटला असता. मी दांड्याच्या एकमेकीत सरकणाऱ्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्या सारख्या कापल्या, कानशीनं कडा घासल्या, ग्रीस भरलं. त्या दिवशी मला भूक लागली.

चाचणी वावराच्या मधोमध घेतली, पाण्यापासून लांब. पाती पूर्ण वेगात आल्यावर बायकोनं क्लच दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. मागं पाती आपली फिरत राहिली, एकटीच. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसली नाही, फक्त मान हलवली.

दुपारी ती उतरून म्हणाली, "आता तुमी चालवा."

आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली होती, ट्रॅक्टर कधी चालवला नव्हता. पहिल्या गिअरात तो इतका हळू चालतो की जीव कासावीस होतो. मी दुसरा टाकला. बाभळीच्या दाट पुंजक्यात इंजिन घरघरलं, काळा धूर निघाला. बांधावरून बायको हात हलवून काहीतरी सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं, पण कळलं. मी पुन्हा पहिला टाकला.

संध्याकाळपर्यंत अर्धं वावर मोकळं झालं. मी उतरलो तेव्हा उरलेली झाडी बघून उद्यापर्यंत कसा थांबू, असं झालं होतं.