वाणात दिलेला बिल्ला

मुलांनो, मागे एकदा धाकट्याने फोनवर विचारलं होतं, "आजी, तिकडे सरकारच्या विरुद्ध बोललं तर पकडतात का?" मी "नाही रे" म्हणाले आणि तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तुम्ही पुण्यात वाढलात, अमेरिकेतल्या ॲन आर्बरचं आमचं आयुष्य तुम्ही सुट्टीपुरतं पाहिलंत, म्हणून उरलेलं नीट लिहून ठेवते.

दोन हजार तीनचा हिवाळा होता. इराकशी लढाई अजून सुरू व्हायची होती, पण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. दर शनिवारी दुपारी त्या आणि त्यांच्या ओळखीची माणसं डाउनटाउनच्या एका चौकात युद्धाविरुद्ध फलक घेऊन उभी राहत. एकदा त्यांनी मलाही बोलावलं. मी गेले, आणि मग जातच राहिले.

तिथे काही थरार नव्हता. बर्फ बाजूला सारलेल्या फुटपाथवर आम्ही हातमोजे घालून उभे असायचो. कुणी गाडीतून हॉर्न वाजवून पाठिंबा द्यायचं, कुणी काच खाली करून शिव्या. पोलीस एवढंच सांगायचा, की रस्त्यावर उतरू नका. एकदा ट्रकमधला एक तरुण माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "तुझ्या घरी जा!" शेजारीणबाई शांतपणे म्हणाल्या, "जाईल की, चार वाजता. जवळच राहते."

तुमच्या आजोबांना हे पसंत नव्हतं. ते हॉस्पिटलमधून नुकतेच निवृत्त झाले होते. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी स्वतः जाऊन मोठा झेंडा आणला आणि गाडीला लावला. आम्हाला कुणी काही म्हणालं नव्हतं, पण रस्त्यात लोक आमच्या चेहऱ्यांकडे दोनदा बघायला लागले होते.

"आपण इथे काम करायला आलो," ते म्हणायचे. "त्यांच्या भानगडीत पडायला नाही."

"त्यांच्या कसल्या? आपण मत देतो. कर भरतो."

"अधिकार आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं कुठे आहे?"

यावर मी भांडत नसे. शनिवारी जेवणं आटोपली की कोट चढवून निघत असे.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. नाव लिहीत नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात आलो. पोळपाट मिळत नव्हता तेव्हा एकीच्या पोळपाटावर दोन्ही घरच्या पोळ्या व्हायच्या. तिच्या मुलाचा पहिला आमटीभात माझ्या हातचा. तो मला मावशी म्हणायचा आणि आई रागावल्यावर सायकल घेऊन आमच्याकडे यायचा. नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यासही आम्ही दोघींनी मिळून केला. माझं बी.ए. इंग्रजीतलं, म्हणून मी तिला राज्यघटनेतल्या दुरुस्त्या समजावून सांगायची. ती म्हणायची, "तू नुसतं पाठ करून घे गं, समजावू नकोस, डोकं दुखतं." शपथ एकाच दिवशी घेतली आणि तिच्या गाडीतून परत आलो.

तो मुलगा कॉलेज संपवून टेक्सासमध्ये नोकरीला आहे, असं ती सगळ्यांना सांगत असे. मलाही तेच सांगितलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू इथे रथसप्तमीपर्यंतच्या कुठल्यातरी रविवारी होतं. त्या वर्षी ते आमच्याकडे होतं. बायका बुटांचा बर्फ झटकत आल्या आणि कोट आतल्या खोलीत पलंगावर टाकून बाहेरच्या खोलीत बसल्या. विद्यापीठात शिकणाऱ्या मुली होत्या, नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर आलेल्या नव्या नवऱ्या होत्या, माझ्या वयाच्या जुन्या बायका होत्या. मी दरवर्षी वाणात काहीतरी उपयोगी लुटते, चहाची गाळणी, मसाल्याचे चमचे. त्या वर्षी प्रत्येकीला एक वाटी दिली, आणि वाटीत तिळाच्या वड्यांबरोबर एक निळा बिल्ला. चौकात वाटायला केलेले ते बिल्ले होते. त्यांवर इंग्रजीत लिहिलं होतं, युद्ध नको.

पहिल्यांदा हसणं झालं.

"काकू, हे वाण की प्रचार?"

"निवडणुकीला उभ्या राहताय का? आमची मतं नाहीत हां, आम्ही एच-फोर!"

"यार, हा लावून मी लॅबमध्ये गेले तर माझा प्रोफेसर मला मिठीच मारेल."

"आणि व्हिसाच्या रांगेत उभी राहिलीस तर?" दुसरी म्हणाली. त्यावर कुणी हसलं नाही.

एक जुनी बाई जरा चढ्या आवाजात म्हणाली, "वाणाला नाही म्हणता येत नाही, हे माहीत आहे म्हणून दिलंत ना? हुशार आहात." खोलीत थोडं अवघडलेपण आलं. मी म्हटलं, "लावलाच पाहिजे असं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवा." मग कुणीतरी उखाण्यांचा विषय काढला आणि गलका परत सुरू झाला.

माझ्या मैत्रिणीला कुंकू लावलं तेव्हा तिने नेहमीसारखी ओंजळ पुढे केली. वाटी घेतली, आत पाहिलं, वाटीला हात लावून नमस्कार केला. थोड्या वेळाने ती दिसेना. मी आत गेले. कोटांच्या ढिगाशेजारी ती पलंगाच्या कडेवर बसली होती.

"अगं, काय झालं?"

"तो कुवेतमध्ये आहे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात नेलं."

"कोण?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला पुन्हा विचारावं लागलं नाही. मनोरे पडल्यानंतर काही महिन्यांनी तो सैन्यात भरती झाला होता. टेक्सासमध्ये होता हे खरंच होतं, छावणीत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? इथे प्रत्येकीचा मुलगा मेडिकलला नाहीतर एमबीएला. माझ्या मुलाला दुसरं काही जमलं नाही म्हणून तिकडे गेला, असंच म्हणाल्या असत्या. तो स्वतःहून गेला गं. म्हणाला, आई, हा माझा देश आहे, तुमचा दुसरा असेल."

मी तिचा हात धरला. मला माहीत नव्हतं, असं म्हणाले. तिने मान हलवली. मग वाटीतला बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला.

"वाण परत देत नाहीत, मला कळतं," ती म्हणाली. "पण हे तू ठेव. आणि शनिवारी जाऊ नकोस."

"तो सुखरूप यावा म्हणूनच तर उभी राहते मी."

"तो तिथे असताना तू त्या चौकात उभी आहेस, हे मला सहन होत नाही. लोकांचं मी काही म्हणत नाही. तू जाऊ नकोस."

बाहेरून कुणीतरी अत्तर कुठे आहे म्हणून हाक मारली, आणि आम्ही उठलो.

तो आठवडा मला अजून आठवतो. आजोबा म्हणाले, "यात विचार कसला करायचा? पोरगं आपल्या अंगाखांद्यावर वाढलंय." त्यांचं बरोबर होतं. मीही तेच स्वतःला सांगत होते. पण उलट बाजूही होती. उद्या सगळ्यांनीच कुणा ना कुणाच्या आईसाठी घरी बसायचं ठरवलं, तर त्या मुलांना पाठवू नका हे सांगणार कोण? लढाई सुरू झाली नव्हती. थांबेल असं मला खरंच वाटत होतं. म्हातारपणीही माणूस असं काहीतरी मानून चालतो.

शनिवारी मी गेले. जायच्या आधी तिला फोन केला, तिला ते दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

लढाई मार्चमध्ये सुरू झाली. चौकात त्या शनिवारी खूप गर्दी होती, पुढच्या शनिवारी कमी, आणि उन्हाळ्यापर्यंत आम्ही मोजकी माणसं उरलो. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला मैत्रीण आली. मुलाची गोष्ट आता सगळ्यांना कळली होती आणि बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. मी गेले तेव्हा त्यांनी जागा करून दिली, पण बोलणं थांबलं. हळूहळू फोन कमी झाले. हळदीकुंकू आमच्याकडे पुन्हा कधी झालं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. दरवर्षी दुसऱ्या कुणाकडे तरी ठरायचं, आणि मला निरोप यायचा. मी जायची. ती त्या वेळी स्वयंपाकघरात असायची.

मला कुणी पकडलं नाही, मुलांनो. पत्र आलं नाही, घरी कुणी चौकशीला आलं नाही. फक्त चौकातून परत आल्यावर कोणाला फोन करावा, हे कळेनासं झालं.

मुलगा दोन वेळा जाऊन परत आला. जिवंत आला. एकदा औषधांच्या दुकानात भेटला. मी डाव्या बाजूने हाक मारली, त्याने लक्ष दिलं नाही. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाला, "सॉरी मावशी, या बाजूला या. त्या कानाने ऐकू येत नाही." फार वाळला होता.

"कसा आहेस?"

"ओके. झोप येत नाही, दॅट्स ऑल." मग म्हणाला, "तुम्ही अजून जाता?"

"जाते."

"किती जण असतात?"

"चार-पाच. थंडीत कधी दोघीच."

"बाकीचे कुठे गेले?"

"कंटाळले असतील."

त्याने काउंटरवर कार्ड पुढे केलं. "आम्ही तिथेच होतो," म्हणाला, "आणि ते कंटाळले." त्यात राग नव्हता. पिशवी उचलताना त्याने सांगितलं, की आईबाबा घर विकून त्याच्याजवळ टेक्सासला जाणार आहेत आणि तो आवराआवरीला आला आहे; तिथल्या हॉस्पिटलमध्ये त्याचे उपचार चालू होते.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले. अंगणात घर विकल्याची पाटी होती. दार तिनेच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. मागे खोकी रचलेली दिसत होती.

"जाताय असं कळलं," मी म्हटलं. "मदतीला येऊ का?"

तिने दाराची मूठ सोडली नाही.

"आज शनिवार," ती म्हणाली. "दुपारी जाणार आहेस?"

नाही म्हणणं सोपं होतं. एका शनिवारचा प्रश्न होता आणि चौकात माझ्यावाचून काही अडणार नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"मग आत नको येऊस."

फरशी ओली आहे हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. मग दार हळूच लावून घेतलं, आवाज होऊ न देता. आत तो झोपला असावा.

मी गाडीत येऊन बसले. दुपार व्हायला अवकाश होता. घरी जाऊन आजोबांना काय सांगायचं हे सुचत नव्हतं, म्हणून तशीच चौकात गेले आणि इतर कुणी येईपर्यंत फुटपाथवर उभी राहिले.