ऐकू येईना, ताई

आवाजात मला कोल्हापुरात कोण हात धरणार न्हाय; बावड्यातनं हाळी दिली तर पन्हाळ्यावरची माणसं वळून बघतील. घरात मातूर बायको शेजारच्या खोलीतनंबी वळत न्हाय.

पोलिसांकडं भाड्यानं लावलेली जीप मी चालवायचो. कुणी घरात कोंडून घेतलं, कुणी भान हरपून रस्त्यात बसलं, की पोलिसांसंगं एक बाई पाठवायची, असं वरनं ठरलं. त्यांच्या कामाचं नाव समुपदेशक. ते बोलाय गेलं की माझी जीभ गुतायची, म्हणून मी ताई म्हणायचो.

तुम्हीबी बघितलं असंल त्यांना. बारकी बाई, खांद्याला कापडी पिशवी. आणि आवाज असा, की शेजारी बसूनबी मला निम्मंच कळायचं.

"मोठ्यानं बोला की, ताई!"

"मामा, मग जवळ या की."

मला वाटायचं, बाईचा घसा कच्चा हाय. हवालदारांना म्हटलंबी, "ह्यांना सुंठ-गूळ चारा."

एका दुपारी बावड्याच्या टोकाला एक गडी पाण्याच्या टाकीवर चढला. बायको वारल्यापास्नं त्याचं मन ठिकाणावर न्हवतं. "कोण वर आलं तर उडी मारतो!" म्हणून ओरडत होता. आधी असतं तर हवालदार खालनं दम देत सुटलं असतं. आता त्यांनी टोपी काढली आणि गुमान गर्दी मागं सारली. ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांच्या त्या आवाजात कायतरी म्हणाल्या.

"आं? ऐकू येईना!" वरनं गडी.

ताई परत तसंच बोलल्या. गडी कठडा सोडून जिन्याला लागला. दोन पायऱ्या उतरला. अजून एक.

मी ताईंच्या पाठीशीच उभा. मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, बाईला मदत करूया. निम्मं कळलं तेवढं छाती फुगवून बोंबललो, "अरं, ताई इचारत्यात, राती झोप लागती का? एकटाच रडतोस का?"

गर्दी फिस्सकन हसली. गडी तोंड झाकून वर पळाला आणि कठड्यावर पाय टाकला.

तवा कुठं डोस्क्यात उजेड पडला. घसा कच्चा न्हवताच. ऐकायला म्हणून तर त्यो खाली येत होता!

ताई रागावल्या न्हाईत. "मामा, गाडीत बसा. काचा वर करा."

बसलो. घामानं पार भिजलो. काचंतनं नुसतं दिसत होतं, ताईंचं ओठ हलत्यात, गडी कान देतोय, एक पाय सरकवतोय. शेवटाला त्यो त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन टेकला आणि लेकरावानी रडला. हवालदारांनी पाण्याची बाटली दिली आणि पाठ करून हुबं ऱ्हायलं.

ताईंची आता शाहूवाडीला बदली झालीया. तिकडं डोंगरात वारा लई. माणसं आणखीच जवळ येत असतील.

पर त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं ऱ्हायलं. गड्याला दवाखान्यात न्यायला ताई त्याला जीपपाशी घेऊन आल्या. मी अदबीनं दार उघडलं. गडी जाग्यावर थांबला.

"ताई, तुमच्यासंगं कुठंबी येतो. पर ह्यो भोंगा हितंच सोडा."

"दादा, गाडी तेच चालवत्यात."

"मग रिक्षा बोलवा."