सरपंचबाईंच्या घराची भिंत

मी चारोटीला मांडव, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देतो. हा धंदा पुढाऱ्यांशिवाय चालत नाही, आणि पुढारी इतके जवळून पाहिल्यामुळेच मला ते आवडत नाहीत. स्टेजवर चढताना हात जोडतात आणि उतरल्यावर ओळख दाखवत नाहीत. असा मी एका सरपंचाचं कौतुक करायला बसलोय, तेव्हा तसंच काहीतरी घडलेलं असणार.

सरपंच म्हणजे तलासरीकडच्या सावरपाड्याच्या जमनाबाई. शाळा सातवीपर्यंत. पावसाळ्यात भाताची लावणी, एरवी डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरी. नवरा धाकल्या त्याच वाड्यांत चिकू उतरवायचा. माणूस कामाला वाघ, पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. राजकारण त्या घराच्या वाटेलाही कधी गेलं नव्हतं.

ते शिरलं बुधीबाईमुळे. बुधीबाई त्यांची शेजारीण. तिचा नवरा हाल्या गुजरातकडच्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. २०१५ साली दिवाळीनंतर तो बोटीवरून पाण्यात पडला आणि घरी आलं ते त्याचं प्रेत. दिवस झाल्यावर जमनाबाई बुधीबाईला घेऊन कचेरीत गेल्या. विधवा म्हणून सरकारकडून जे मिळतं ते तिला मिळावं, एवढंच काम होतं. टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" बुधीबाई म्हणाली, बायको. मग त्याने लग्नाचा पुरावा मागितला.

इथे जरा थांबून सांगायला हवं, सावरपाडा सगळा वारल्यांचा. वारल्यांमध्ये मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली आणि घरच्यांनी मान डोलावली की संसार सुरू होतो. लग्न मागाहून. कणगीत भात साठला, गावजेवण घालायची ऐपत आली की लावायचं. कधीकधी मुलं लग्नाची होतात तरी आईबापाचं राहिलेलं असतं. मग आधी आईबापाचं उरकतात. यात कुणाला लाज वाटत नाही, कारण कोण कुणाची बायको हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. कचेरीला मात्र ते ठाऊक नसतं.

कारकून वाईट नव्हता, त्याने पाणीही विचारलं. पण कागदाशिवाय त्याचा हात चालेना. बाहेर पायरीवर बसून बुधीबाई म्हणाली, "तीन पोरां झाली माना त्याची. मंग मी त्याची कोण?" परतताना जीपमध्ये जमनाबाईंच्या लक्षात आलं, की आपलं आणि धाकल्याचंही लग्न राहिलंच आहे. उद्या त्याला काही झालं तर हाच प्रश्न आपल्याला विचारतील. त्या मला म्हणाल्या होत्या, त्या दिवशी मला भीतीपेक्षा राग जास्त आला.

रागाचं त्यांनी काम केलं, हे मला आवडलं. माझ्या रागाचा मी आजवर फक्त आरडाओरडा केला आहे. पाड्याला स्वतःची ग्रामसभा भरवता येते असा कायदा आला होता, पण सावरपाड्यात ती कुणी भरवली नव्हती. जमनाबाईंनी घरोघर जाऊन माणसं गोळा केली, चिंचेखाली बसवली आणि म्हाताऱ्यांना बोलायला लावलं. कुणी सांगितलं, हाल्याच्या घरी बुधीबाईच्या हातचं जेवलो आहे. कुणी म्हणालं, तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी होते. तसा ठराव झाला. तो घेऊन त्या कचेरीच्या इतक्या फेऱ्या मारत राहिल्या की शेवटी शिपाईच त्यांच्यासाठी खुर्ची ओढायचा. बुधीबाईचं काम झालं. पुढे थेट सरपंच निवडायची निवडणूक आली, जागा बाईसाठी होती, आणि पाड्याने जमनाबाईंना न विचारताच उभं करायचं ठरवून टाकलं.

निवडून आल्यावर पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, ज्यांची लग्नं राहिली आहेत त्यांची या उन्हाळ्यात लावून टाकू. मैदानात एक मांडव, एक जेवण, आणि ग्रामसेवक तिथेच नोंद करील. ग्रामसेवकाने सुचवलं, नुसत्या सह्या केल्या तरी चालेल. त्यावर बायका हसल्या. सहीने लग्न लागलं असतं तर त्यांनी इतकी वर्षं वाट कशाला पाहिली असती? पाड्यातला सगळ्यांत जुना माणूस सुकऱ्या. तो उठून म्हणाला, "आधी तुझा लगीन लाव. मंग आमाला सांग." जमनाबाईंनी भरसभेत शब्द दिला, पहिल्या पाटावर मी आणि धाकल्या बसू. तेव्हा कुठे बाकीची दहा जोडपी तयार झाली.

घोडं अडलं धाकल्यापाशी. तो फक्त एकदा बोलला, "लगीन घरच्या कुडाच्या भितीशी लागतं. मैदानात बैल बांधतात." त्यानंतर तोंड शिवून बसला. जमनाबाईंना वाटलं, बायको सरपंच झाल्याचं त्याला टोचतंय. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं, कारण असे नवरे मी पैशाला पासरी पाहिले आहेत. लग्न जवळ आलं तरी तो चिकूच्या वाडीवर जाई आणि जेवून गप निजे. तो आला नाही तर बाकीची जोडपी पाटावरून उठणार होती आणि जमनाबाईंच्या शब्दाला पाड्यात किंमत उरणार नव्हती. मग पुन्हा कुणीतरी बाई कचेरीच्या पायरीवर बसून तोच प्रश्न विचारणार होती.

मांडव माझाच होता. २०१८ चा मे महिना. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मी शाळेजवळच्या मैदानात पिवळ्या-गुलाबी कापडाचा असा मांडव घातला की माझीच छाती फुगली. तेवढ्यात नवशी आली. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. ती बाई देवीची गाणी म्हणून लग्न लावते, आणि नवशी ही साऱ्या भागाची धवलेरी. तिने मांडवाला एक फेरी मारली आणि विचारलं, "पालघट देवी कुठं बसायची?"

घराच्या भिंतीवर गेरूचा रंग देऊन सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येऊन बसते आणि तिच्यासमोर लग्न लागतं. चौक नाही तर देवी नाही, देवी नाही तर लग्न नाही. जमनाबाईंनी तांदूळ, डाळ, पाणी, ग्रामसेवक, सगळ्यांची सोय केली होती. मैदानाला भिंत नसते, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर लग्नं घरातच पाहिलेली, भिंतीचा वेगळा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. मी शहाणपणा करून म्हटलं, वारली डिझाइनचा फ्लेक्स माझ्याकडे तयार आहे, तासाभरात लावून देतो. नवशीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जाऊन खुर्च्या पुसायला लागलो.

शाळेच्या भिंतीवर लिहावं म्हणावं तर नवशी म्हणाली, ज्या भिंतीआड चूल पेटत नाही तिथे देवी येत नाही. आणि अकरा जोडप्यांचं लग्न कुणाच्याच घरात मावणारं नव्हतं. जमनाबाई मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसल्या. आता त्यांना कळलं, धाकल्या रुसून बसला नव्हता. तो हेच सांगत होता आणि आपण त्याची दोन वाक्यं नीट ऐकलीही नव्हती. त्या रडल्या. सरपंचाला असं सगळ्यांसमोर रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यात कॅमेऱ्यासाठी काही नव्हतं.

ऊन कलताना रस्त्यावर गलका ऐकू आला. पाहतो तर सात-आठ गडी खांद्यावर-डोक्यावर आडवी भिंत घेऊन चालले होते. खरी भिंत, कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचं लिंपण, कडेला अजून सुतळ्या लोंबत होत्या. सर्वांत पुढे धाकल्या, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, घामाने निथळलेला. त्याने आपल्या घराची दर्शनी भिंत सोडवून आणली होती. मागे घर उघडं पडलं होतं आणि रस्त्यावरून थेट चूल दिसत होती.

भिंत मांडवात उभी केल्यावर तो जमनाबाईंजवळ गेला आणि म्हणाला, "घरची भीत पायजे म्हटला होता मी. घे."

सवाशिणींनी लगेच गेरू कालवला. दुसऱ्या दिवशी त्या चौकासमोर नवशीने गाणी म्हटली आणि पहिल्या पाटावर जमनाबाई आणि धाकल्या बसले. त्यांची मुलगी भाविका मागे उभी राहून आईच्या डोक्यावरचा पदर सावरत होती. पुढची जोडपीही बसली, शेवटी सुकऱ्या आणि त्याची भिकी, दोघांनाही धरून बसवावं लागलं. ग्रामसेवकाने नोंदी केल्या. मी त्या दिवशी लाउडस्पीकर बंद ठेवला. नवशीपुढे तो लावायची माझी छाती झाली नाही.

भिंत परत घरी गेली. चौक घराच्या आत असायला हवा, पण धाकल्याने भिंत बांधली ती चौक रस्त्याकडे करून. मी विचारलं तर म्हणाला, सुतळीच्या गाठी त्या बाजूला आल्या. मला ते पटलेलं नाही.

त्याच वर्षी थंडीत आमच्याकडे जमीन हादरू लागली. माणसं घराबाहेर निजायची म्हणून मी माझी ताडपत्री घेऊन सावरपाड्यात तंबू बांधत होतो. जमनाबाई दिवसभर पाड्यापाड्यांतून फिरायच्या. घरांची पाहणी करायला एक नवे साहेब आले, तेव्हा दारात धाकल्या वाल सोलत बसला होता आणि बुधीबाई त्याला मदत करत होती. साहेबांनी विचारलं, सरपंच कुठे आहेत? तो म्हणाला, कामाला गेली. साहेबांनी सहज विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

धाकल्याने हातातले मूठभर वाल सोलून संपवले. मग हनुवटीने मागे खूण केली.

"ही भीत बघ," तो म्हणाला. "नवरा आहे मी तिचा."

साहेबांना भिंतीचं काय ते कळलं नाही. बुधीबाईला कळलं. ती आधी हसली, मग सूप खाली ठेवून घरामागे गेली आणि बराच वेळ आली नाही.