पंच्याऐंशीची लेन्स आणि माझी धाकटी जाऊ

गौरी जेवल्या त्या दुपारी माझ्या धाकट्या जावेनं माझ्या नवऱ्याचा एक फोटो काढला आणि तिथून माझं बिनसलं.

फोटो तसा साधाच. पुरणपोळी अंगावर आलेली, शर्टाचं वरचं बटण सोडलेलं, गॅलरीतल्या खुर्चीत बसून हे बाहेर बघतायत. पण काय सांगू, भुवईतला एकेक पांढरा केस दिसत होता. डोळ्यांत उजेड उतरला होता. आणि मागचे वाळत घातलेले कपडे, झाडू, रिकामा सिलिंडर, सगळं विरघळून नुसता रंग झालेला. या माणसाबरोबर अख्खा संसार केला मी, आणि हे इतके देखणे आहेत ते मला जावेनं दाखवावं? ह्यांनी तो फोटो लगेच व्हॉट्सॲपला लावला. आधी तिथं मी काढलेला होता, तो काढून.

"तिचा हात चांगला बसलाय हं," हे म्हणाले.

"हात नाही, लेन्स," मी म्हटलं. "पंच्याऐंशीची आहे ती. तशी असली की कुणीही काढेल."

"मग तूही घे की."

ते सहज बोलून गेले. मी मात्र धरून बसले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. तर आमच्या घरात फोटो म्हणजे मी, असं बरीच वर्षं चाललेलं. मुलानं चिखलीत गाळा घेतला, म्हणजे पत्र्याच्या शेडमधलं छोटं वर्कशॉप, तेव्हा बनवलेल्या पार्टचे फोटो चाकणच्या कंपन्यांना पाठवायला म्हणून कॅमेरा आणला होता. पुढं मोबाइल चांगले आले आणि कॅमेरा कपाटात पडला. हे रिटायर झाल्यावर मी तो बाहेर काढला. शिकवायला कुणी नव्हतं. मटार सोलता सोलता मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघायचे आणि लगेच समोरच्या भाजीवर करून बघायचे. बारशी, मुंजी, सोसायटीचं हळदीकुंकू, सगळीकडं "मोठ्या काकू, फोटो" अशी हाक यायची. त्या हाकेची मला सवय झाली होती, हे खरं.

जाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. राजगुरुनगरकडची, जिभेला हाड नाही, पण हसरी. तिची मुलगी परदेशात असते. तिनं आईला कॅमेरा पाठवला, माझ्याच कंपनीचा, वर ती लेन्स. आणि बघता बघता हाक खालच्या मजल्यावर जायला लागली. जिन्यात मला ऐकू यायची.

तेही मी सोसलं असतं. पण माझी सून पोटुशी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं, आणि एक दिवस चहा गाळताना ती म्हणते, "आई, फोटोचं काकूंना सांगू का? तुम्हाला त्या दिवशी धावपळ असेल."

धावपळीचं नाव पुढं केलं, पण मला कळायचं ते कळलं. माझ्या घरचं डोहाळजेवण, माझं पहिलं नातवंड, आणि फोटो जाऊ काढणार. मी आवाज सरळ ठेवून म्हटलं, "अगं, खंडेनवमीला गाळ्यात पूजा आहे ना? तिथले माझे फोटो बघ. मग सांग कुणाला सांगायचं ते."

"चालेल," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण चालेल म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी पिंपरीत स्टेशनजवळच्या लेन्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या कॅमेऱ्याला बसतील अशा लेन्स काउंटरच्या काचेवर मांडून ठेवल्या, पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी. लेन्सचा आकडा जेवढा लहान तेवढं समोरचं जास्त मावतं. आकडा मोठा झाला की लांबचा चेहरा जवळ येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. पस्तीसनं मी त्या दुकानदारालाच बघितलं. तो, त्याचं काउंटर, वरचा देव, पंखा, सगळं आलं. अगदी जवळ गेले तर त्याचं नाक पुढं आलं, तो स्वतःच म्हणाला, "तेवढं जवळ नका येऊ." पन्नास बरी होती. मग पंच्याऐंशी लावली आणि दारातून रस्त्यापलीकडं बघितलं. पेरूवाली बसली होती. बाईच्या कपाळावरचा घाम दिसला मला, आणि मागची बस नुसती लाल. झालं. माझा निकाल तिथंच लागला.

"काकू, फोटो कुठं काढणार तुम्ही?" त्यानं विचारलं.

"माणसांचे काढणार. चेहऱ्याचे."

"तसं नाही. घरात का बाहेर? घरात असेल तर पस्तीस न्या, रोजच्याला तीच बरी पडते. या पंच्याऐंशीला मागं सरकायला जागा लागते. त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, अजून लांब सरकावं लागेल."

"माझ्या जावेकडं हीच आहे."

"त्यांचं घर मोठं असेल."

"आमच्याएवढंच आहे."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पंच्याऐंशी डब्यात घातली. बाईमाणसांची गिऱ्हाइकी त्यानं पुष्कळ केली असणार. मी घरी येईपर्यंत डबा मांडीवर धरून बसले होते. मनात एकच, आता बघते.

आमच्याकडं खंडेनवमीला गाळ्यातली सगळी मशीन बंद असतात. आदल्या दिवशी डिझेलनं पुसून काढतात, सकाळी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि त्या दिवशी कामगारांची बायकामुलं येतात. वर्षभर नवरा ज्या मशीनवर शिफ्ट करतो ते घरच्यांनी बघायचं आणि त्या मशीनपाशी सगळ्यांनी मिळून फोटो काढायचा, अशी आमच्या गाळ्याची रीत. लातूरकडची एक मुलगी, नवीनच लग्न झालेलं, लेथ मशीनवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "हीच का माझी सवत?" सगळे हसले, तो बिचारा लाजला. मला वाटलं, हाच फोटो. सुनेला हाच दाखवायचा.

कॅमेरा डोळ्याला लावला तर मुलीचं नाक आणि झेंडू. मागं सरकले. आता कान आला. अजून सरकले, तर पाठीला ड्रिलिंग मशीन. त्याच्या बाजूनं वळून अजून मागं, तर जोडीतला नवरा अर्धाच. गाळा तो, दोन मशीनच्या मधून माणूस तिरका होऊन जातो, तिथं कुठली जागा. मागं जात जात मी शटरच्या बाहेर गेले. मग रस्त्यावर. मागं टेम्पोवाला हॉर्न देतोय, शेडमध्ये अंधार, रस्त्यावर ऊन, आणि आतली माणसं म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या.

"काकू," मुलाचा फोरमन आतून ओरडला, "अजून मागं गेलात तर मोशीत पोचाल."

हशा झाला. नव्या साड्या नेसून आलेल्या बायका मशीनपाशी ताटकळत उभ्या होत्या. पोरं माळा ओढायला लागली होती. माझी सून खुर्चीत बसून बघत होती, आणि तिच्या शेजारी जाऊ. मला दोघींचीही तोंडं बघवेनात.

जाऊ उठून बाहेर आली. पिशवीतून एक छोटी लेन्स काढली.

"ताई, ही लावा. पस्तीसची हाय."

"तुझ्याकडं पंच्याऐंशीची ना?"

"ती घरात कुठं चालतीय. पहिल्यांदा मीबी तशीच मागं मागं गेले, तर ओट्यावरचं दूध सांडलं. भाऊजींचा फोटो तरी काय, ते गॅलरीत व्हते आणि मी पार आतल्या खोलीच्या दारात." मग हळूच म्हणाली, "मग पोरीकडनं ही मागून घेतली."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तो परत मारला असता. ती चांगली वागली, आणि चांगल्या वागणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवायला फार ताकद लागते हो. पण ती ताकद माझ्यात आहे. लेन्स मी घेतली, थँक्यू म्हणाले नाही.

फोटो झकास आले. लेथवर हात ठेवलेली मुलगी, लाजलेला नवरा, त्याची म्हातारी, माळ, वर टांगलेली ट्यूबलाइट, सगळं एका फोटोत. संध्याकाळी मी ते घरच्या ग्रुपवर टाकले. जावेनं खाली लिहिलं, फोटो ताईंचे, लेन्स माझी. तिच्या मनात काही नसेलही. पण लोकांनी बदाम कुणाला दिले? तिला.

सुनेनं मात्र एकेक फोटो मोठा करून बघितला. "आई, डोहाळजेवणाचे तुम्हीच काढा," ती म्हणाली. "गच्चीवर आहे, तिथं तुमची लेन्स पण चालेल." त्या रात्री मला चांगली झोप लागली.

डोहाळजेवणाला गच्चीवर झोपाळा सजवला होता. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, हातात फुलांचा धनुष्यबाण. गच्ची मोठी, ऊन उतरलेलं, आणि मी टाकीच्या भिंतीला पाठ लावून लांब उभी. पंच्याऐंशीला असं लांबच राहावं लागतं. बायका झोपाळ्याभोवती दाटी करून गाणी म्हणत होत्या, ओटी भरत होत्या, कुणी काय पुटपुटलं की खिदळत होत्या. मला तिथलं काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. माझ्या सुनेचं डोहाळजेवण मी काचेतून बघत होते. ओटी भरायला हाक आली तेव्हा गेले, भरली, आणि परत टाकीपाशी.

मग एकदा सून मान मागं टाकून हसली. असं हसताना मी तिला कधी बघितलं नाही. डोळे मिटत आलेले, नाकाला आठी, मुकुट तिरका. मी बटण दाबलं. तसा फोटो माझ्याकडून याआधी निघाला नव्हता. मागची गच्ची, टाक्या, डिश अँटेना, सगळं लोण्यासारखं. त्या क्षणी मला जाऊ आठवलीसुद्धा नाही.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तेव्हा कळलं, सून कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये. बाजूला बघून हसतेय. आणि त्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, हिरव्या बांगड्यांचा एक हात आलाय, तिचा गजरा सारखा करणारा. हात जावेचा. काय सांगत होती कोण जाणे. सुनेला विचारलं तर म्हणाली, "काकूंचं काहीतरी नेहमीचंच," आणि परत हसली.

सुनेनं सगळ्यांतून तोच निवडलाय. मोठा करून, फ्रेम करून, पलंगाच्या समोरच्या भिंतीवर हवाय म्हणते. बाळंतपणानंतर सकाळ-संध्याकाळ मी तिला तेल लावायला त्याच खोलीत जाणार.

उद्या चिंचवडला प्रिंटला टाकायचाय. कडेचा तो हात कापला तरी फोटोला काही होत नाही, मी करून बघितलं. सून तेवढीच सुंदर दिसते. फक्त मग ती कुणाकडं बघून हसतेय ते कळत नाही, आणि डोळे मिटत आलेले, म्हणून बघणाऱ्याला वाटेल, फोटो काढणाऱ्या सासूकडंच. दोन्ही प्रती माझ्या मोबाइलमध्ये आहेत. दुकानात गेल्यावर त्यातली कुठली पुढं करीन, ते आज मी सांगू शकत नाही.